आधी चित्र जुळवा, मग एफपीएस मोजा: ५०७० टीआय आणि ९०७० एक्सटी

ग्राफिक्स कार्ड म्हणून एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०७० टीआय घ्यावं की एएमडीचं रेडिऑन आरएक्स ९०७० एक्सटी, हा वाद मार्च २०२५ पासून चालूच आहे. दोन्ही बाजूंचे लोक तक्ते घेऊन भांडतात आणि तक्त्यात असतो एकच आकडा, सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे एफपीएस. त्या फ्रेममध्ये काय दिसत होतं, हे फारसं कुणी विचारत नाही. एखादं कार्ड चित्रात काटकसर करून वेग दाखवत असेल, तर त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. म्हणून आधी दोन्हीकडचं चित्र सारखं करून घ्यायचं आणि मग मोजायला बसायचं.

हा संशय उगाच नाही. २००१ मध्ये रेडिऑन ८५०० वर क्वेक ३ या गेमच्या फाइलचं नाव बदलून ‘क्वॅक’ केलं की टेक्स्चर (पृष्ठभागांवरची चित्रं) सुधारायचे आणि वेग उतरायचा. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, फाइलचं नाव बघून दर्जा कमी करत होता. २००३ मध्ये एनव्हिडियाचा नंबर लागला. थ्रीडीमार्क ०३ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमचा कॅमेरा ठरलेल्या वाटेनेच फिरतो, तेव्हा जे दिसणारच नाही ते काढायचंच नाही, असा त्यांच्या ड्रायव्हरचा हिशोब होता. कॅमेरा वाटेवरून बाजूला नेला की चित्र फाटायचं. पण सगळ्यांत बिलंदर प्रकार २००४ चा. ट्रायलिनिअर फिल्टरिंग (टेक्स्चरच्या लहान-मोठ्या प्रती, म्हणजे मिपमॅप, एकमेकांत मऊपणे मिसळणं) पूर्ण होतंय का, हे तपासायला परीक्षक मिपमॅपना वेगवेगळे रंग देत. तेव्हा रेडिऑन बनवणाऱ्या एटीआयच्या (जी पुढे एएमडीत गेली) ड्रायव्हरला असे रंगीत मिपमॅप मिळाले की तो इमानदारीत पूर्ण फिल्टरिंग करायचा, आणि खऱ्या गेममध्ये शॉर्टकट मारायचा.

आता इतकं उघड कुणी करत नाही. आता घोळ होतो तो डिफॉल्ट सेटिंगमुळे.

कागदावर ही जोडी तोलामोलाची आहे. दोघांत १६ जीबी मेमरी आणि २५६ बिटची बस. ५०७० टीआयला जीडीडीआर७ असल्यामुळे बँडविड्थ (मेमरीचा वेग) ८९६ जीबी प्रति सेकंद मिळते, ९०७० एक्सटीला जीडीडीआर६ वर साधारण ६४०. वीज ३०० वॅट आणि ३०४ वॅट. बाजारात आली तेव्हा जाहीर किंमत ७४९ आणि ५९९ डॉलर; आपल्याकडे त्यावर १८ टक्के जीएसटी आणि दुकानदाराची मर्जी.

कार्ड बदलताना जुना ड्रायव्हर डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या प्रोग्रॅमने काढा, तोही सेफ मोडमध्ये आणि इंटरनेट बंद ठेवून. नेट चालू राहिलं तर रीबूट होताच विंडोज आपल्या मनाने एखादा जुना ड्रायव्हर टाकून मोकळं होतं. मग बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय) बंद, ‘अबव्ह ४जी डीकोडिंग’ आणि ‘रीसाइझेबल बार’ (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू. झालं की नाही ते जीपीयू-झी या प्रोग्रॅममध्ये दिसतं. ही पायरी चुकली तर फटका रेडिऑनला जास्त बसतो, कारण एनव्हिडिया ही सोय निवडक गेमपुरतीच वापरते.

नंतर ड्रायव्हरचं पॅनल, एएमडीचं अॅड्रेनलिन आणि एनव्हिडियाचं कंट्रोल पॅनल. अॅड्रेनलिनमध्ये हायपर-आरएक्स नावाचं एक मोठं आकर्षक बटण आहे. ते दाबलं की अपस्केलिंग (कमी रिझोल्यूशनला काढलेलं चित्र मोठं करणं) आणि फ्रेम जनरेशन (खऱ्या फ्रेमच्या मध्ये अंदाजाने फ्रेम घालणं) यांसारख्या गोष्टी आपोआप चालू होऊ शकतात, आणि लोक तो आकडा ‘नेटिव्ह फोरके’, म्हणजे अपस्केलिंगशिवायचा, म्हणून मिरवतात. ते बंद करा. रेडिऑन सुपर रिझोल्यूशन, बूस्ट, चिल आणि इमेज शार्पनिंग हेही बंद. टेसेलेशन (पृष्ठभाग बारीक त्रिकोणांत तोडणं) ‘एएमडी ऑप्टिमाइझ्ड’वर असतं, ते गेमच्या सेटिंगवर सोडा. ‘सर्फेस फॉरमॅट ऑप्टिमायझेशन’ काढा, टेक्स्चर फिल्टरिंग ‘हाय’ करा. एनव्हिडियाकडे टेक्स्चर फिल्टरिंग मुळात ‘क्वालिटी’वर असतं आणि त्यात ट्रायलिनिअरची काटछाट चालू असते, ‘हाय क्वालिटी’ निवडलं की ती जाते. यातली बरीचशी बटणं डायरेक्टएक्स ११ पर्यंतच्या गेमवर चालतात. डायरेक्टएक्स १२ आणि व्हल्कनमध्ये बहुतेक सूत्रं गेमच्याच हातात असतात.

‘एएमडीचे रंग जास्त खुलतात’ हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस विरळा. त्यामागचं कारण बहुतेक वेळा केबलच्या टोकाला सापडतं. एचडीएमआयवरून मॉनिटर जोडला की एनव्हिडियाचा ड्रायव्हर कधी कधी त्याला टीव्ही समजतो आणि आरजीबी मर्यादित पट्ट्यात, म्हणजे ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ मध्ये पाठवतो. मॉनिटर पूर्ण पट्ट्याची अपेक्षा करत असेल तर काळा रंग राखाडी दिसतो आणि सगळं चित्र धुरकट होतं. उपाय सोपा आहे. कंट्रोल पॅनलमध्ये ‘चेंज रिझोल्यूशन’खाली एनव्हिडियाची रंग सेटिंग निवडून ‘आउटपुट डायनॅमिक रेंज’ फुल करायची. रेडिऑनवर ‘पिक्सेल फॉरमॅट’ फुल आरजीबी करायचं. यातली गंमत म्हणजे हा फरक स्क्रीनशॉटमध्ये येतच नाही, कारण स्क्रीनशॉट फ्रेम बफरमधून, म्हणजे कार्डाच्या मेमरीतल्या तयार चित्रातून, उचलला जातो आणि हा बदल त्याच्या पुढे, आउटपुटवर होतो. स्क्रीनशॉट तंतोतंत सारखे आणि पडद्यावर मात्र दोन वेगळी चित्रं, असं झालं तर दोष सिलिकॉनचा नाही.

मोजायला प्रेझेंटमॉन किंवा कॅपफ्रेमएक्स हा प्रोग्रॅम. गेमचा एकच भाग आणि एकच वाट धरून ६० सेकंदांची फेरी. पहिली फेरी टाकून द्या, तिच्यात शेडर (चित्राचे रंग-प्रकाश काढणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होत असतात. त्यानंतरच्या तीन फेऱ्यांची सरासरी घ्या. त्याआधी कार्डाला १५ मिनिटं कामाला लावा. थंड कार्ड क्लॉक चढवून खोटा आव आणतं. सरासरीसोबत ‘१ टक्का लो’, म्हणजे सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा वेग, लिहा. सरासरी १२० आणि लो ४५ असलेला गेम खेळताना ठेचकाळतो, तक्त्यात तो कितीही चांगला दिसो.

एवढं सगळं जुळवल्यावर नेटिव्ह रिझोल्यूशनला, रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा माग काढून सावल्या-प्रतिबिंबं काढणं) बंद ठेवून, दोन्ही कार्डं जवळजवळ बरोबरीने धावतात. एनव्हिडिया थोडं पुढे. कॉल ऑफ ड्यूटी ब्लॅक ऑप्स ६ सारख्या गेममध्ये रेडिऑन सरस. हलकं रे ट्रेसिंग ९०७० एक्सटी आधीच्या पिढीपेक्षा खूप चांगलं पेलतं. पण सायबरपंक २०७७ चा ‘ओव्हरड्राइव्ह’ किंवा अॅलन वेक २ चं पाथ ट्रेसिंग (रे ट्रेसिंगचा सर्वांत जड प्रकार) लावलं की ५०७० टीआय निर्विवाद पुढे निघतं. तिथे एक अट मात्र पाळायची: रे रिकन्स्ट्रक्शन (रे ट्रेसिंगचं चित्र एआयने स्वच्छ करणारी एनव्हिडियाची सोय) चालू असेल तर दोन कार्डं एकच काम करत नसतात. ते बंद ठेवून वेग मोजा, चालू करून चित्र बघा, आणि दोन्ही नोंदी वेगळ्या लिहा.

अपस्केलिंगमध्ये खरी चुरस आहे. फोरकेवर ‘क्वालिटी’ म्हणजे आतून २५६० गुणिले १४४०, ‘परफॉर्मन्स’ म्हणजे १९२० गुणिले १०८०. नावं दोघांकडे सारखी असली तरी आतला खर्च आणि निकाल सारखा नसतो. आधी हे तपासा, की नक्की कोणती आवृत्ती चालू आहे. एएमडीच्या एफएसआर ४ या अपस्केलरला गेमचा पाठिंबा नसेल तर गुपचूप एफएसआर ३.१ चालतं, आणि त्या दोघांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. एनव्हिडियाचं अपस्केलर डीएलएसएस वापरणाऱ्या जुन्या गेममध्ये एनव्हिडिया अॅपमधून ओव्हरराइड देऊन ट्रान्सफॉर्मर हे नवं एआय मॉडेल लावावं लागतं, नाहीतर जुनंच सीएनएन मॉडेल राहतं.

स्थिर स्क्रीनशॉटवर निकाल देऊ नका. हे अपस्केलर मागच्या अनेक फ्रेममधून तपशील गोळा करतात. कॅमेरा क्षणभर थांबला की सगळेच सुंदर दिसतात. कॅमेरा आडवा फिरवा आणि विजेच्या तारा, जाळीचं कुंपण, केसांच्या कडा बघा. पात्र खांबामागून बाहेर आलं की त्याच्या कडेला लुकलुक होते का? ठिणग्या किंवा बर्फ मागे शेपटी सोडतात का? रेकॉर्डिंग प्रत्येक कार्डाच्या स्वतःच्या एन्कोडरने (व्हिडिओ दाबून साठवणाऱ्या भागाने) केलं तर तुलना एन्कोडरची होते, म्हणून बाहेरचं कॅप्चर कार्ड वापरा. या कसोटीवर ट्रान्सफॉर्मर मॉडेलचं डीएलएसएस अजून वरचढ वाटतं, विशेषतः ‘परफॉर्मन्स’वर. एफएसआर ४ चं चित्र किंचित मऊ आहे, पण जुन्या सीएनएन मॉडेलपेक्षा बहुतेक ठिकाणी मी तेच निवडेन.

फ्रेम जनरेशनचा आकडा वेगाच्या तक्त्यात घालूच नये. ७० एफपीएसवर दुप्पट जनरेशन लावून १२० दिसत असतील, तर खरा गेम ६० वर आलाय. म्हणजे माउसचा प्रतिसाद आधीपेक्षा मंदच झाला. चौपट जनरेशनला हाच भागाकार चारने करायचा.

तापमानाची तुलनाही जपून. रेडिऑन हॉटस्पॉट (चिपवरचा सर्वांत तापलेला बिंदू) आणि मेमरीचं तापमान दाखवतं, एनव्हिडियाच्या ५० मालिकेत हॉटस्पॉटचा आकडा उपलब्धच नाही. एकाचा हॉटस्पॉट आणि दुसऱ्याचं साधं तापमान शेजारी ठेवून ‘रेडिऑन तापतं’ म्हणणं चूक. आणि मे महिन्यात नागपुरात एसीशिवाय मोजत असाल तर खोलीचं तापमान लिहून ठेवा, कार्डाचा आकडा त्याच्यासोबत चढतो.

शेवटचा मुद्दा मॉडेलचा. या दोन्ही कार्डांची कंपनीची स्वतःची मूळ आवृत्ती दुकानात मिळत नाही. जे मिळतं ते आसुस, एमएसआय, सफायर वगैरेंचं. त्यात ९०७० एक्सटीची कारखान्यातच क्लॉक चढवलेली मॉडेलं ३३० वॅटच्या पुढे जातात. तसं कार्ड साध्या ५०७० टीआयशी भिडवलं तर वाढीव वॅटनी मिळवलेला वेग चिपच्या खात्यावर जमा होतो. पॉवर लिमिट खाली आणून ३०४ वॅटला एक फेरी घ्या. आणि तीन ८-पिन सॉकेट असतील तर पीएसयूपासून (पीसीला वीज देणाऱ्या डब्यापासून) तीन स्वतंत्र केबल ओढा. एकाच केबलचं दुसरं टोक वापरलं की भर लोडवर पीसी बंद पडतो आणि बोल लागतो ड्रायव्हरला.