इंजेक्शनआधी मी पोराचं वजन का करते

लहान मुलांच्या दातांची डॉक्टर असल्यामुळे रोज ऐकावं लागणारं वाक्य म्हणजे "डॉक्टर, इंजेक्शनशिवाय नाही का होणार?" आणि जवळजवळ कोणीच न विचारलेला प्रश्न म्हणजे "भूल किती देणार?" विचारायचाच असेल तर हा दुसरा विचारा.

टोचण्याचं म्हणाल तर हिरडी कापसाने कोरडी करायची, बधिर करणारी जेल मिनिट-दोन मिनिटं लावून ठेवायची, सुई बारीक घ्यायची आणि औषध सावकाश सोडायचं. बरीच मुलं तोंड वाकडं करतात आणि संपलं. घाईत सोडलं की औषधाच्या दाबानेच दुखतं. आणि सोडण्याआधी सिरिंज जराशी मागे ओढून रक्त येतंय का ते बघायचं, कारण सुई रक्तवाहिनीत असली तर सगळं औषध थेट रक्तात. (घरी "ऐकलं नाहीस तर डॉक्टर इंजेक्शन देतील हां" म्हणणाऱ्या आजी-आजोबांना मात्र माझ्याकडे कुठलीही जेल नाही!)

आता वजन. आपल्याकडे दातांसाठी सर्रास वापरतात ते भुलीचं औषध म्हणजे लिग्नोकेन २ टक्के, अ‍ॅड्रेनालिन (रक्तवाहिन्या आकसवून भूल जास्त वेळ टिकवणारं औषध) घातलेलं. २ टक्के म्हणजे १ मिलीत २० मिलिग्रॅम. मुलांसाठी मी मर्यादा धरते किलोमागे ४.४ मिलिग्रॅम. म्हणजे १५ किलोच्या पोराला जास्तीत जास्त ६६ मिलिग्रॅम, म्हणजे ३.३ मिली, बस. १.८ मिलीची एक कार्ट्रिज (औषध भरलेली तयार नळी) असते, तशा दोन पूर्ण दिल्या तर ७२ मिलिग्रॅम होतात, म्हणजे मर्यादा ओलांडली, आणि मोठ्या माणसाला दोन कार्ट्रिज म्हणजे काहीच नाही. बऱ्याच क्लिनिकमध्ये तर कार्ट्रिज नसतेच, ३० मिलीच्या बाटलीतून सिरिंजमध्ये भरून घेतात, तिथे "अजून थोडं देऊया, दुखतंय त्याला" असं करत करत हिशोब कधी सुटला ते कळत नाही. त्यात कीड खोलवर गेलेल्या, पू झालेल्या दाढेला भूल नीट चढत नाही, म्हणजे नेमकं तिथेच परत परत द्यायचा मोह होतो.

म्हणून "चारही दाढा आजच उरकून टाका, परत सुट्टी मिळत नाही" याला मी नाही म्हणते. सुट्टीचं कळतं हो, पण पोरगं १५ किलोचं आहे. आर्टिकेन नावाचं भुलीचं दुसरं औषध ४ टक्क्यांचं असतं, म्हणजे तेवढ्याच मिलीत दुप्पट मिलिग्रॅम, आणि ४ वर्षांखालच्या मुलांना ते देत नाहीत.

जास्त झालं तर काय होतं? मोठा माणूस सांगतो की कानात आवाज येतोय, ओठांभोवती मुंग्या येतायत. तीन वर्षांचं पोर काय सांगणार, ते उगाच चुळबुळ करतं, बडबडतं नाहीतर एकदम गुंगतं आणि आपल्याला वाटतं रडून रडून झोपलं बिचारं. त्यापुढे फिट येऊ शकते, श्वास आणि हृदयावरही परिणाम होतो. झोपेचं औषधही दिलेलं असेल तर दोन्हींचा परिणाम एकत्र होतो, तेव्हा मर्यादेच्या बरंच आत राहायचं. हृदयाचा, लिव्हरचा त्रास, फिट्स, चालू औषधं, आधी कधी भुलीने काही झालं असेल तर तेही खुर्चीत बसायच्या आधी सांगा.

हे सगळं क्वचित होतं. नेहमी होतं ते वेगळंच, पोरं ओठ चावतात. दाढेचं काम तासाभरात होतं पण ओठ आणि जीभ दोन-तीन तास, कधी त्याहून जास्त बधिर राहतात, आणि तो जड झालेला ओठ पोराला चघळायला फार मजेशीर वाटतो. दुखत नाही म्हणून चावत बसतं आणि संध्याकाळी ओठ हा एवढा. दुसऱ्या दिवशी त्यावर पांढरट-पिवळा थर येतो आणि मला फोटो येतो, "डॉक्टर, पू झालाय, अँटिबायोटिक देऊ का?" तो बहुतेक वेळा पू नसतो, जखम भरतानाचा थर असतो, खरवडू नका, आठवडाभरात भरून येतो. बधिरपणा जाईपर्यंत चावायचं खाणं नाही, गरम दूध नाही, आणि नजर ओठावर ठेवा, मोबाइल देऊन बसवलंत तर हमखास चावणार. ताप आला किंवा सूज वाढतच गेली तर मात्र फोटो पाठवत बसू नका, घेऊनच या.