सतरंज्या उचलणाऱ्यांचा ऑक्टोबर

३ ऑक्टोबर २००५, सोमवार. घरून आलेल्या कालनिर्णयात त्या दिवशी सर्वपित्री अमावस्या होती. सकाळी सातला मी आईशी फोनवर वाद घालत होते. डॅलसमध्ये आमच्या भागात कावळा काही दिसत नाही. पार्किंग लॉटमध्ये हजारोंनी बसतात ते ग्रॅकल. काळे, लांब शेपटीचे, कर्कश. पान ठेवलं आणि ग्रॅकल शिवला तर चालेल का? आई म्हणाली, "काळा आहे ना? मग चालेल."

टीव्हीचा आवाज बंद होता. पडद्यावर राष्ट्राध्यक्ष बुश आणि त्यांच्या बाजूला साठीच्या एक सडपातळ बाई. त्या कोण, हे तासाभरात कळलं, कारण शेजारच्या आजी दार ठोठावत आल्या. "हनी, आपल्या डॅलसची हॅरिएट मायर्स सुप्रीम कोर्टात चाललीय!"

तेव्हा मी एच-४ व्हिसावर होते. राहा, खा, फिरा, पण कमावू नका, असा तो व्हिसा. नवरा सकाळी गाडी घेऊन जायचा आणि बस नावाची गोष्ट आमच्या भागात ऐकूनच माहीत. लायब्ररीत, दुकानात मला नेणाऱ्या म्हणजे या आजी. त्यांना मी तोंडावर 'मॅम' म्हणायचे (टेक्सासमध्ये म्हणावंच लागतं) आणि मनात आजी. आजोबा निवृत्त. दोघंही चर्चला जाणारे, दोघंही पक्के रिपब्लिकन, म्हणजे बुश यांच्या पक्षाचे. २००४ च्या निवडणुकीत आजोबांनी गुडघेदुखी घेऊन दारोदार पत्रकं वाटली होती आणि आजींनी स्वयंपाकघरात बसून शेकडो फोन केले होते. अमेरिकेचं राजकारण मी पुस्तकातून शिकले नाही, त्यांच्या पोर्चवर शिकले.

म्हणून वाटलं, बुश यांनी नेमलेल्या आणि त्यातही डॅलसच्या बाई आहेत म्हटल्यावर आज तिथे पेढेच वाटतील. संध्याकाळी गेले तर आजोबा रेडिओसमोर तोंड पाडून बसलेले. रेडिओवरचा उजव्या विचारांचा निवेदक रश लिंबॉ हा त्यांचा रोजचा आवाज, तोही वैतागलेला. "तीस वर्षं थांबलो," आजोबा म्हणाले, "आणि यांनी आपली वकीलबाई पाठवली."

आपल्याकडच्या माणसाला हे दुःख पटकन कळत नाही. मत देताना सुप्रीम कोर्टात कोण बसेल याचा विचार आपल्यापैकी कुणी केलाय? आपल्याकडे न्यायाधीशच न्यायाधीश निवडतात, पासष्टीला निवृत्त होतात, आणि बहुतेकांची नावंही आपल्याला ठाऊक नसतात. इथे नऊ जण, तहहयात. नाव राष्ट्राध्यक्ष सुचवणार, सिनेट मंजुरी देणार. आजोबांसारख्या लाखो लोकांसाठी मत म्हणजे त्या नऊ खुर्च्यांवरचं मत होतं, आणि त्यामागे मुख्यतः एक निकाल होता. गर्भपाताला घटनात्मक संरक्षण देणारा, १९७३ चा 'रो विरुद्ध वेड'. त्यातले वेड म्हणजे डॅलस काउंटीचे सरकारी वकील हेन्री वेड. खटला इथल्याच फेडरल कोर्टात १९७० साली दाखल झाला होता. आजी-आजोबांना त्या नावाची आपल्या गावाला लागलेला डाग असल्यासारखी लाज वाटे. माझी मतं त्यांच्या उलट होती आणि आहेत. ती मी तेव्हा बोलून दाखवली नाहीत. ज्यांच्या गाडीतून भाजी आणायची त्यांच्याशी किती भांडणार?

तर आजोबा आपल्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले आणि मग उलटलेले न्यायाधीश बोटांवर मोजत बसले. आयझेनहॉवर यांनी अर्ल वॉरन नेमले, ते उदारमतवादी निघाले. निक्सन यांनी ब्लॅकमन नेमले, त्यांनीच 'रो'चा निकाल लिहिला. फोर्ड यांनी स्टीव्हन्स. रेगन यांनी ओ'कॉनर आणि केनेडी. थोरल्या बुश यांनी १९९० मध्ये डेव्हिड सूटर नेमले, तेव्हा हा आपलाच माणूस म्हणून छातीठोकपणे सांगितलं गेलं. १९९२ मध्ये 'रो' मोडीत काढायची संधी आली, तर ओ'कॉनर, केनेडी आणि सूटर या तिघांनी मिळून तो वाचवला. तिघंही रिपब्लिकनांनी नेमलेले! भाऊबंदकीत कुणी कुणाची जमीन बळकावली ते आमचे आजोळचे म्हातारे सांगायचे, त्याच सुरात हे सगळं चाललं होतं. 'आता आणखी सूटर नकोत' ही तर त्या गोटातली घोषणाच होती.

आणि आता ऐन मोक्याची जागा रिकामी झाली होती. सँड्रा डे ओ'कॉनर, कोर्टातल्या पहिल्या महिला न्यायाधीश, १ जुलैला निवृत्ती जाहीर करून मोकळ्या झाल्या होत्या. त्यांचं मत कधी इकडे, कधी तिकडे पडायचं आणि निकाल फिरायचा. आधी त्यांच्या जागी जॉन रॉबर्ट्स यांचं नाव आलं. पण ३ सप्टेंबरला सरन्यायाधीश रेनक्विस्ट वारले आणि रॉबर्ट्स तिकडे गेले. म्हणजे तराजू झुकवणारी खुर्ची पुन्हा मोकळी. सिनेटमध्ये ५५ रिपब्लिकन. कुणाच्या पाया पडायची गरज नाही. अशा वेळी बुश यांनी काढलेलं नाव हॅरिएट मायर्स.

बाई कर्तबगार होत्या, यात शंका नाही. डॅलस बारच्या, म्हणजे वकिलांच्या संघटनेच्या, पहिल्या महिला अध्यक्ष, मग टेक्सास बारच्याही पहिल्या. शहराच्या कौन्सिलवर दोन वर्षं, टेक्सासच्या लॉटरी कमिशनच्या प्रमुख, आणि आता व्हाइट हाउसच्या मुख्य कायदेशीर सल्लागार. पण एक दिवसही न्यायाधीश नव्हत्या, घटनेवर काही ठळक लिहिलेलं नाही, आणि सर्वात मोठी ओळख 'बुश यांच्या वकील' हीच. आजोबांचा मुद्दा अगदी नेमका होता: "टेक्सासचीच बाई हवी होती ना? मग एडिथ जोन्स आहे, प्रिसिला ओवेन आहे!" दोघीही फेडरल अपील कोर्टातल्या. ओवेन यांच्यासाठी तर रिपब्लिकनांनी चार वर्षं सिनेटमध्ये झुंज देऊन मे महिन्यातच त्यांना खुर्चीवर बसवलं होतं.

हे ऐकताना मला माझा मिरजेचा काका आठवला. पंचवीस वर्षं सभेच्या सतरंज्या घालणारा आणि उचलणारा. वॉर्डातलं तिकीट यंदा याला नाहीतर त्याच्या बरोबरच्याला, असं धरून चालला होता, आणि मिळालं साहेबांच्या पीएच्या भाच्याला. काका पक्ष सोडून गेला नाही. फक्त निकालाच्या दिवशी गुलाल लावून घेतला नाही. आजोबांच्या चेहऱ्यावर मला तोच कोरडेपणा दिसत होता.

वृत्तपत्रांतही तेच. बिल क्रिस्टल या त्यांच्याच गोटातल्या संपादकाने पहिल्याच दिवशी आपण निराश, खिन्न आणि खचलेले आहोत असा मथळा देऊन लिहिलं. त्यांच्याच बाजूचे स्तंभलेखक जॉर्ज विल, चार्ल्स क्राउटहॅमर, बुश यांची भाषणं एके काळी लिहिणारे डेव्हिड फ्रम, सगळे तुटून पडले. १९८७ मध्ये सिनेटने ज्यांना नाकारलं ते रॉबर्ट बोर्क म्हणजे या लोकांचे हुतात्माच. त्यांनीही सरळ सांगून टाकलं की हे सर्व बाजूंनी अरिष्ट आहे. डेमोक्रॅट तर गंमत बघत बसले. त्यांचे सिनेटमधले नेते हॅरी रीड यांनीच मायर्स यांचं नाव बुश यांना सुचवलं होतं म्हणे, आणि हे कळल्यावर आजोबांनी रेडिओ बंद केला.

त्यातून वेळ वाईट. कतरिना वादळाला जेमतेम महिना झाला होता. डॅलसच्या रीयुनियन अरीनामध्ये न्यू ऑर्लीन्सची माणसं खाटांवर झोपून गेली होती, आणि आपत्ती निवारणाचे प्रमुख मायकेल ब्राउन हे आधी अरबी घोड्यांच्या संघटनेत होते, हे देशभर चघळून झालं होतं. त्यामुळे वशिल्याची शंका लोकांच्या तोंडावरच होती.

दुसऱ्या दिवशी घटस्थापना. मी घट बसवत होते आणि टीव्हीवर बुश पत्रकारांना सांगत होते की मी तिला ओळखतो, तिचं मन मला ठाऊक आहे, वीस वर्षांनीही ती अशीच राहील. मला हसू आवरेना. आपल्याकडे स्थळ आणणारे मध्यस्थ असंच बोलतात. घर आमच्या माहितीतलं आहे, मुलगी गुणाची, तुम्ही डोळे मिटून हो म्हणा. आणि इथे मुलाकडच्यांनी याआधी सहा वेळा डोळे मिटून हो म्हटलं होतं! जेम्स डॉब्सन हे ख्रिस्ती कुटुंबांमधलं मोठं नाव. ते म्हणाले की मला काही गोष्टी कळल्यात, ज्या बहुधा मला कळायला नको होत्या, म्हणून माझा पाठिंबा आहे. आजींना यात आश्वासन ऐकू आलं. आजोबांना कुजबुज.

कारण एव्हाना घरात दोन पक्ष पडले होते, आणि मला खरा रस त्यातच होता. आजींना मायर्स मनापासून आवडल्या होत्या. बाई डॅलसच्या चर्चमधल्या, इव्हँजेलिकल, लग्न न करता आईची काळजी घेणाऱ्या, कॉफीचा डबा स्वतः भरणाऱ्या असाव्यात अशी त्यांची खात्री. शिकल्या सदर्न मेथडिस्टमध्ये, म्हणजे इथेच. लॉरा बुश यांचंही कॉलेज तेच. वॉशिंग्टनमधले लेखक जेव्हा बाईंच्या बुद्धीबद्दल, लिखाणाबद्दल, भावना ओसंडणाऱ्या वाढदिवसाच्या कार्डाबद्दल (तुम्ही आजवरचे सर्वोत्तम गव्हर्नर, असं १९९७ मध्ये बुश यांना लिहिलेलं) टवाळी करू लागले, तेव्हा आजी लाल झाल्या. "हार्वर्ड, येल असतं तर चाललं असतं. आमची माणसं मत द्यायला चालतात." आजोबा गप्प. मला वाटतं, या एका वाक्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. पुण्याच्या सदाशिव पेठेने कधी तुमच्या मराठीची चूक काढली असेल, तर आजींचा संताप तुम्हाला समजेल.

१८ ऑक्टोबरला आजी जिंकल्या. १९८९ मध्ये कौन्सिलची निवडणूक लढवताना मायर्स यांनी भरलेला एक फॉर्म बाहेर आला. आईचा जीव धोक्यात असल्याखेरीज गर्भपातावर बंदी घालणारी घटनादुरुस्ती व्हावी, याला त्यात 'हो' होतं. आजींनी मला पीकन पाय आणून दिला. पण दुसऱ्याच दिवशी सिनेटच्या समितीने बाईंची लेखी उत्तरं अपुरी म्हणून परत पाठवली. अध्यक्ष स्पेक्टर रिपब्लिकन, जोडीचे लेही डेमोक्रॅट, आणि दोघांचं एकमत! मग २६ तारखेला १९९३ चं एक भाषण छापून आलं, डॅलसमधल्याच व्यावसायिक महिलांपुढे केलेलं. त्यात याच विषयांवर बाई स्वयंनिर्णयाची भाषा बोलल्या होत्या. आजोबांनी तो कागद टेबलावर ठेवला आणि चष्मा पुसत बसले. "चार वर्षांत बदलली. वीस वर्षांची हमी कोण देतोय?"

आता मागे वळून पाहताना मला त्या दोन कागदांत विसंगती कमी आणि वकील जास्त दिसतो. समोर कोण बसलंय ते पाहून बोलणाऱ्या बाई. बहुतेक चांगले वकील तसेच असतात. न्यायाधीश म्हणून त्या कशा निघाल्या असत्या, हे त्या कागदांवरून कुणालाच सांगता आलं नसतं.

२७ ऑक्टोबरला गुरुवारी सकाळी नाव मागे घेतलं गेलं. कारण दिलं ते असं, की सिनेट व्हाइट हाउसचे अंतर्गत कागद मागतं आहे आणि ते देणं राष्ट्राध्यक्षांच्या अधिकाराला बाधक ठरेल. नेमकी हीच पळवाट क्राउटहॅमर यांनी सहा दिवस आधी स्तंभात लिहून दिली होती, तेव्हा फसलं कुणीच नाही. नाव येऊन चोवीस दिवस झाले होते. विरोधकांनी बोट लावायच्या आत आपल्याच माणसांनी काम तमाम केलं.

सोमवारी, ३१ तारखेला, सॅम्युएल अलिटो यांचं नाव आलं. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं, मी चकल्या तळत होते, आणि बाहेर हॅलोविनची पोरं चेटकिणी होऊन फिरत होती. आजोबा स्वतः चकल्या न्यायला आले, शीळ घालत. प्रिन्स्टन, येल, पंधरा वर्षं अपील कोर्ट, सगळं लेखी. "याला म्हणतात माणूस." आजी आल्या नाहीत. जानेवारीत अलिटो ५८ विरुद्ध ४२ मतांनी मंजूर झाले. ओ'कॉनर यांच्या जागी एक पुरुष बसला आणि कोर्टात नऊपैकी एकच बाई उरली, हे त्या घरात फक्त आजींनी मोजलं.

आजोबा २०१४ मध्ये गेले. २४ जून २०२२ ला 'रो' रद्द झाला, बहुमताचा निकाल अलिटो यांनीच लिहिला. मी आता ऑस्टिनला असते. तो दिवस माझ्यासाठी वाईट होता, तरी आजींना फोन केला, कारण हा दिवस ज्यांनी आयुष्यभर मागितला ते बघायला नव्हते. आजी थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्यांना सांगायला हवं होतं."

मार्च २०२५ मध्ये पुन्हा बोलणं झालं. परदेशी मदतीच्या पैशांवरून कोर्टाने ट्रम्प सरकारची विनंती ५ विरुद्ध ४ ने फेटाळली आणि त्या पाचांत एमी कोनी बॅरेट होत्या. ट्रम्प यांनीच नेमलेल्या, कागदोपत्री कुठेही कमी नसलेल्या, 'रो' रद्द करणाऱ्यांतल्या. आजींचा नातू बॅरेट यांना दगाबाज म्हणत होता, कोटा भरायला नेमलेली बाई म्हणत होता. हिच्यासाठी मत दिलं नव्हतं, असंही.

"मी त्याला हॅरिएटबद्दल सांगितलं," आजी म्हणाल्या. "त्याने विचारलं, कोण हॅरिएट?"