भूक लागायच्या आधी

आमच्या घरी ‘मधे खाणं’ हा मोठा अपराध होता. शाळेतून आल्यावर लाडवाच्या डब्यात हात गेला की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, “अर्ध्या तासात पानं घेतेय, आता काही नाही!” भूक नसताना खाणं हा हावरटपणा, उभ्यानं खाणं म्हणजे वळण नाही, आणि रस्त्यानं खात जाणं? त्याचा तर विषयच नको. हे वळण पन्नास वर्षं टिकलं. मग मी सायकल घेतली.

पहिली मोठी राइड हडपसरहून जेजुरी. जाऊन-येऊन ऐंशीएक किलोमीटर. मार्चचा रविवार. पहाटे निघताना फक्त चहा घेतला, कारण त्या वेळी भूक असते कुणाला? दिवे घाट चढलो, सासवड मागे टाकलं, जेजुरीला पोचलो, तरी भूक नव्हती. उत्साह मात्र ओसंडत होता. खालूनच गडाला हात जोडले, आणखी एक चहा मारला आणि परत फिरलो.

ऊन चढलं, वारा समोरून यायला लागला आणि सासवडच्या अलीकडे पाय गेले. दुखत नव्हते हो, नुसते गेले. मैलाच्या दगडापाशी बसलो. त्यावरचा आकडा वाचता येत होता, पण घर अजून किती लांब, ही वजाबाकी काही जमेना. उभा जन्म दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात घालवलेला माणूस मी! डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं.

सायकलवाले याला ‘बाँक’ म्हणतात, हे नंतर कळलं. स्नायू आणि यकृत मिळून आपल्या अंगात साखरेचा साठा असतो साधारण ४०० ते ५०० ग्रॅम. नेटानं पेडल मारलं तर दीड-दोन तासांत त्याचा तळ दिसायला लागतो. चरबी असते की भरपूर, माझ्याकडे तर दोन पिढ्यांना पुरेल इतकी. पण ती पडली मुदत ठेव. सावकाश मोडते, आणि चढावर लागते रोकड. मेंदूलाही साखरच लागते, म्हणून आधी वजाबाकी गेली.

पुढच्याच वळणावर रसवंतीगृह होतं. नाव अर्थातच कानिफनाथ. नाथांचा गड इथलाच, तेव्हा पुरंदर तालुक्यात दुसरं काय असणार? घुंगरं वाजत होती. आलं-लिंबू घातलेला रस, वर चिमूटभर मीठ. पहिला ग्लास मी एका दमात संपवला तेव्हा मालक माझ्याकडे बघत म्हणाला, “काका, उपास हाय का आज?” दुसऱ्या ग्लासानंतर पंधरा-वीस मिनिटांत वजाबाकी जमली. उत्तर काही फार आनंदाचं नव्हतं, पण जमली.

तेव्हापासून घड्याळात दर अर्ध्या तासाचा गजर लावतो. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. मध्यम केळ्यातून २५ ग्रॅमच्या आसपास मिळतात, म्हणजे हिशेब अवघड नाही. अवघड आहे ते गजर वाजल्यावर भूक नसताना तोंड उघडणं. अजून प्रत्येक वेळी वाटतं, मागून हाक येणार, “पानं घेतेय!”

काय खावं यावर बरेच प्रयोग झाले. ‘एनर्जी जेल’ म्हणतात त्या घट्ट गोड पाकाची पाकिटं आणली, त्यांना खोकल्याच्या औषधाची चव. राजगिऱ्याचा लाडू सज्जन, पण चढावर धाप लागलेली असताना त्याचा भुगा घशात उडतो आणि ठसका लागतो. चिक्की दातांना चिकटते. बिया काढलेला खजूर उत्तम. गुळपोळी चार घड्या घालून जर्सीच्या मागच्या खिशात घातली तर तिच्यासारखं काही नाही, पण संक्रांत सरली की ती करणार कोण? सासवडचे ओले अंजीर खिशात ठेवू नयेत. एवढंच सांगतो, तपशील विचारू नका.

पाण्याचीही गंमत आहे. तासन्‌तास घाम गाळून नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि ते धोक्याचं. साखर आणि मीठ जोडीनं गेले की लहान आतडं पाणी भराभर ओढून घेतं. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात मीठ-साखरेचं पाणी कालवून हजारोंना जगवलं, ते याच जोरावर. त्या पाण्याचा आपल्या रविवारच्या चैनीशी संबंध लावताना ओशाळायला होतं. पण आतड्याला दोन्हीकडचं काम एकच. माझ्या बाटलीत लिटरभर पाणी, चहाच्या चमच्यानं सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ आणि अर्धं लिंबू. सरबत म्हणून पाहुण्याला दिलं तर तो परत येणार नाही.

घाम किती जातो ते कळायला निघताना आणि आल्यावर वजन करावं म्हणतात. एक किलो कमी भरलं तर साधारण लिटरभर पाणी कमी पडलं. गेल्या रविवारी केलं. निघताना ७८.४. आल्यावर काट्यावर चढलो, तर ७८.९. बायको दारात उभी होती.

“किती झाली?”

“ऐंशी किलोमीटर.”

“उलटी चालवलीस का रे?”

परतीच्या वाटेवरच्या मिसळीचं मी काही बोललो नाही. जादा पावांचं तर नाहीच.