पाइंट कुणाचा, गॅलन कुणाचा?

स्पेलिंगवरून इंग्रज-अमेरिकनांची चालणारी खडाजंगी दुरून गंमतीची. गॅलनचं भांडण मात्र थेट दिंडोरीच्या द्राक्षबागेत फवारणीच्या टाकीपर्यंत पोचतं.

ब्रिटनने १८२४ साली गॅलन बदलला: दहा पौंड पाण्याचा, म्हणजे ४.५४६ लिटर. अमेरिकेने जुनाच धरून ठेवला, ३.७८५ लिटरचा. गंमत अशी की तो राणी अ‍ॅनच्या काळातला इंग्रजांचाच वाइन गॅलन! अमेरिकन बाणा म्हणून मिरवतात ते माप मुळात विलायतेचं.

फवारणीच्या औषधाच्या परदेशी पुस्तिकेत '१०० गॅलनला १ पाइंट' असं लिहिलेलं असतं, म्हणजे १०० गॅलन पाण्याला १ पाइंट औषध. दोन्ही मापं एकाच देशाची धरली तर उत्तर सारखंच: लिटरला १.२५ मिली, २०० लिटरच्या टाकीत २५० मिली. कारण दोघांकडेही गॅलनचे पाइंट आठच. घोळ होतो तो सरमिसळीत. ब्रिटिश पाइंट (५६८ मिली) अमेरिकन गॅलनमध्ये घातला की टाकीत ३०० मिली जातं, वीस टक्के जास्त, आणि कोवळ्या पानांच्या कडा करपू शकतात. उलट केलं तर २०८ मिलीच, मग औषध कमी पडतं.

अर्थात हे फक्त पुस्तिका समजण्यापुरतं. टाकीत मात्रा घालायची ती इथल्या डब्यावरच्या लेबलाचीच.