बूट घातले की बाळ लवकर चालतं का?

आज एका आईने हेच विचारलं. मी बाळांचे बूट विकते, तरी माझं उत्तर ठाम "नाही" असतं. चालणं बाळाच्या तयारीवर ठरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत निरोगी बाळं साधारण 8 ते 18 महिन्यांच्या दरम्यान कधीही एकटी चालू लागलेली दिसली. केवढा फरक! त्यामुळे शेजारचं बाळ आधी चालू लागलं म्हणून जीव खालीवर करू नका.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात बाळ स्टुलाला धरून उभं राहिलं. पायाची बोटं आवळली, गुडघे थरथरले, हात सुटला आणि बदकन खाली बसलं. रडलं नाही. परत स्टूल धरलं. 2012 च्या एका अभ्यासात 12 ते 19 महिन्यांची मुलं मोकळेपणाने खेळताना तासाला सरासरी 17 वेळा पडतात असं आढळलं होतं. धंद्यात मंदी आली, मन खचलं की मला हीच पोरं उभं करतात, खरंच.

तळवा सपाट दिसतो म्हणूनही अनेकजणी घाबरतात. त्या वयात तळव्याखाली चरबीची गादी असते, कमान पुढच्या काही वर्षांत हळूहळू घडते. घरात अनवाणीच चालू द्या, बोटांना जमीन कळू द्या. बूट बाहेरच्यासाठी, मऊ, सहज वाकणारे, पुढे बोटांना जागा असलेले. आणि माप घ्याल तेव्हा बाळाला उभं करून, दोन्ही पायांचं घ्या.