रजिस्टरमध्ये ८४ सेट, हातात ९१

लॅमिंग्टन रोडच्या एका गल्लीत वॉकीटॉकीचं दुकान आहे, तिथे मी १४ वर्षं काम करतोय. विकणं, रिपेअरिंग, प्रोग्रॅम मारणं, गच्चीवर अँटेना चढवणं, सगळंच. मागच्या पावसाळ्यात एक काम आलं, पश्चिम उपनगरातलं एक मोठं हॉस्पिटल, आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या शेजारची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, साइटवर क्रेन आली आणि क्रेनवाल्यांनी कुठून तरी स्वस्तातले विनालायसन्स सेट आणले ते नेमके हॉस्पिटलच्या फ्रिक्वेन्सीवर. म्हणजे इकडे सिक्युरिटीवाला सांगतोय की तिसऱ्या मजल्यावर स्ट्रेचर पाठवा आणि मध्येच आवाज येतोय, अजून दोन फूट खाली घे, घे घे, सोड. आगीच्या मॉकड्रिलच्या दिवशी हे झालं तेव्हा तिथले अ‍ॅडमिन साहेब घाबरले, आणि घाबरायलाच पाहिजे होतं.

आधी वाटलं टोन बदलून भागेल. टोन म्हणजे प्रत्येक सेट बोलताना खाली एक बारीकसा सूर पाठवतो, तो जुळला तरच समोरच्याचा स्पीकर उघडतो. पण टोननं दुसऱ्याचा आवाज कानावर येत नाही एवढंच होतं, हवेतली गर्दी काही कमी होत नाही. क्रेनवाल्याचा सिग्नल जोरदार असेल तर तुमचं बोलणं त्याच्याखाली चिरडलं जातं आणि वाईट म्हणजे तुम्हाला कळतही नाही, नुसतं शांत वाटतं. हे बऱ्याच सिक्युरिटी एजन्सीवाल्यांना माहीत नसतं म्हणून इथे मुद्दाम लिहितोय. तर शेवटी डब्ल्यूपीसीकडे, म्हणजे फ्रिक्वेन्सी वाटून देणाऱ्या सरकारी खात्याकडे, अर्ज केला, नवीन फ्रिक्वेन्सी मिळाली, आणि आमचे मालक, ज्यांना सगळी गल्ली काका म्हणते, त्यांनी विचारलं किती वेळ लागेल रे. मी तिथल्या तिथे हिशोब केला, ८४ सेट, एकेक सेट केबलला लावून रीड-राइट करायला तीन मिनिटं, म्हणजे सव्वाचार तास. म्हटलं काका, एका रात्रीत उरकतो.

डोंबिवलीचा माझा एक मित्र हॅम आहे, म्हणजे हौशी रेडिओवाला, लायसन्सवाला. त्याला लोकलमध्ये हे सांगितलं तर तो म्हणाला थांब, आधी अमेरिकेतलं ८०० मेगाहर्ट्झचं प्रकरण वाच. त्यानंतर पंधरा दिवस मी जाता-येता तेच वाचत होतो.

तिथे ८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात पोलीस, फायर ब्रिगेड, अ‍ॅम्ब्युलन्स यांचे चॅनेल होते आणि त्यांच्या अधेमधे, अक्षरशः एकाआड एक, टॅक्सीवाले ट्रकवाले वापरायचे ते धंद्याचे चॅनेल. कुणाचा कुणाला त्रास नव्हता कारण सगळ्यांची पद्धत एकच, उंच जागी एक मोठा टॉवर आणि सगळं गाव त्याच्यावर. मग नेक्स्टेल नावाच्या कंपनीनं हे टॅक्सी-ट्रकवाल्यांचे चॅनेल विकत घेत घेत त्याच्यावर चक्क मोबाइलचं नेटवर्क उभं केलं, बटण दाबून बोलायचे फोन, त्या काळात तिकडे खूप चालले. मोबाइलचं नेटवर्क म्हणजे एक उंच टॉवर नाही, गल्लोगल्ली बुटके टॉवर. आणि तिथून त्रास सुरू झाला.

का, ते सांगतो. विसर्जनाच्या दिवशी तुम्ही लालबागला ढोल-ताशा पथकाच्या अगदी शेजारी उभे आहात आणि रस्त्यापलीकडून कुणीतरी तुम्हाला नावानं हाक मारतंय. तो काही हळू ओरडत नाहीये, रोजच्यासारखाच ओरडतोय, आणि ढोल काही तुमच्या नावानं वाजत नाहीये, तरी तुमचा कान भरून गेलाय. सेटच्या रिसिव्हरचं असंच होतं. पोलिसाचा स्वतःचा टॉवर दहा-पंधरा किलोमीटरवर, त्याचा सिग्नल येईपर्यंत बारीक झालेला, आणि तो उभा नेमका नेक्स्टेलच्या टॉवरखाली. फ्रिक्वेन्सी वेगळी असली तरी रिसिव्हरचं पुढचं दार रुंद असतं, पूर्ण पट्टा आत येतो आणि मगच गाळणी लागते, त्यामुळे शेजारचा दणका आत शिरून रिसिव्हर बधिर करतो. शिवाय दोन दणकट सिग्नल आत एकमेकांत मिसळले की तिसरीच फ्रिक्वेन्सी तयार होते, पहिल्याची दुप्पट उणे दुसरा असा हिशोब, आणि ती तुमच्या चॅनेलवर येऊन बसली तर संपलं. यात कुणी नियम मोडलेला नव्हता हे मला सगळ्यात जास्त लागलं. नेक्स्टेलकडे लायसन्स, पोलिसांकडे लायसन्स, दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि तरी एखाद्या चौकात उभं राहून पोलीस मदत मागतोय ती जात नाहीये.

मग एफसीसीनं, म्हणजे त्यांच्या नियामकानं, जुलै २००४ मध्ये ठरवलं की दोघांना वेगळं करायचं. पोलीस-फायरवाले पट्ट्याच्या खालच्या टोकाला, नेक्स्टेल वरच्या टोकाला, मध्ये थोडी मोकळी जागा. मुंबईच्या माणसाला हे एका वाक्यात कळेल, रिडेव्हलपमेंटच आहे. बिल्डर म्हणजे नेक्स्टेल, सगळ्यांचा शिफ्टिंगचा खर्च त्यानं करायचा, पोलिसांना नवे सेट लागले तर तेही त्यानंच द्यायचे, आणि बदल्यात त्याला १.९ गिगाहर्ट्झमध्ये १० मेगाहर्ट्झ स्पेक्ट्रम, म्हणजे वाढीव एफएसआय, जास्त बांधकामाची परवानगी म्हणा. आणि रिडेव्हलपमेंटसारखीच क्रमाची अडचण. आणीबाणीच्या सेवांचा एक मोठा गट ८२१ ते ८२४ मध्ये बसला होता, त्याला बरोबर १५ मेगाहर्ट्झ खाली ८०६ ते ८०९ मध्ये न्यायचं होतं, पण तिथे आधीच दुसरे राहत होते. म्हणजे आधी खालचे लोक हलवा, जागा मोकळी करा, मग वरचे खाली आणा, आणि हे सगळं चालू असताना एक मिनिटही वायरलेस बंद पडता कामा नये, कारण आग काही तुमचं शिफ्टिंग संपायची वाट बघत नाही.

यातला जो भाग मी दोनदा वाचला तो म्हणजे एकेका सेटला दोनदा हात लावायचा. पहिल्या फेरीत सेटमध्ये जुने आणि नवे दोन्ही चॅनेल भरायचे. मग सगळे सेट भरून झाले याची खात्री झाली की एका ठरलेल्या वेळी टॉवरवरचे रिपीटर, म्हणजे सेटचा आवाज घेऊन जोरात पुढे पाठवणारी यंत्रं, नव्या फ्रिक्वेन्सीवर न्यायचे. आणि ते नीट चालतंय दिसलं की दुसरी फेरी, पुन्हा तेवढेच सेट गोळा करून जुने चॅनेल काढायचे. जे सेट इतके जुने की नवं प्रोग्रॅमिंग घेतच नाहीत ते बदलायचे. टॉवरवरचे कंबाइनर, म्हणजे अनेक चॅनेल एकाच अँटेनावर जोडणारे डबे, पुन्हा ट्यून करायचे, बिल्डिंगच्या आत सिग्नल पोचवायला लावलेले बूस्टर तपासायचे. आणि शेजारच्या गावांचं काय? मोठी आग लागली की चार गावांचे बंब येतात आणि त्यांच्यासाठी पाच सामायिक चॅनेल ठेवलेले, तेही हलणार. आपलं गाव हललं आणि शेजारचं अजून हललं नाही अशा मधल्या काळात दोघांना एकमेकांचं ऐकू आलं पाहिजे. मुंबईत आग, ठाण्याहून बंब आलाय आणि दोघांचे सेट एकमेकांशी बोलत नाहीयेत हे डोळ्यासमोर आणा.

ठरवलं होतं ३६ महिने, जून २००५ ते जून २००८. संपलं कधी, तर एफसीसीनं काम पूर्ण झाल्याचं जाहीर केलं एप्रिल २०२१ मध्ये. जवळजवळ १६ वर्षं, २,१०० पेक्षा जास्त लायसन्सधारक, ३.६ अब्ज डॉलर. मेक्सिकोच्या सीमेजवळचा भाग सगळ्यात मागे राहिला कारण लहरींना सीमा कळत नाही आणि शेजारच्या देशाबरोबर करारच २०१२ मध्ये झाला. आणि ज्या नेटवर्कमुळे हे सगळं सुरू झालं ते नेक्स्टेलचं नेटवर्क जून २०१३ च्या शेवटी कायमचं बंद झालं होतं. नेक्स्टेल त्याआधीच २००५ मध्ये स्प्रिंट या दुसऱ्या मोबाइल कंपनीत गेली होती, स्प्रिंट २०२० मध्ये टी-मोबाइलमध्ये गेली, आणि इकडे सेट गोळा करणं चालूच होतं. मी हे कामचुकारपणा म्हणून वाचलं नाही. एकेका खात्यात हजारो सेट, कुठला सेट कुणाच्या गाडीत, कुठला स्टेशनच्या कपाटात, कुठला रजेवर गेलेल्या माणसाच्या घरी, कोण मोजणार? फ्रिक्वेन्सी बदलणं हे रेडिओचं काम वाटतं, ते माणसं आणि सेट मोजायचं काम आहे.

मी इतकं का मनाला लावून घेतो ते पण सांगतो. २६ जुलै २००५ ला मी कॉलेजात होतो. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. विद्याविहारहून ठाण्याकडे चालत निघालो होतो, मोबाइल कुणाचाच लागत नव्हता, आई घरी काय करत असेल या विचारानं पाय उचलत नव्हते. घाटकोपरला एका नाक्यावर छातीपर्यंत भिजलेले एक पोलिसमामा उभे होते आणि त्यांच्या खांद्यावरचा वायरलेस बोलत होता. खरखर होती, अर्धे शब्द कळत नव्हते, पण पुढे पाणी किती आहे कुठला रस्ता चालू आहे हे त्या खरखरीतून ते ऐकत होते आणि आम्हा वीस-पंचवीस जणांना सांगत होते, इकडून नका जाऊ, तिकडून जा. आम्ही तिकडून गेलो आणि घरी पोचलो. त्या दिवसापासून मला त्या खरखरीबद्दल जे वाटतं ते कमी झालेलं नाही.

आपल्याकडे पण हे येतंय. जून २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं रेल्वेला ७०० मेगाहर्ट्झमध्ये ५ मेगाहर्ट्झ स्पेक्ट्रम दिलं, ड्रायव्हर, गार्ड आणि कंट्रोल यांच्यातलं बोलणं त्या नव्या नेटवर्कवर जाणार, खर्च २५,००० कोटींहून जास्त धरलाय. लोकलच्या गार्डाच्या हातातला सेट बघितला की मला आता आधी हाच प्रश्न पडतो की हे बदलताना मधले दिवस कसे काढणार, जुनं किती दिवस चालू ठेवणार. नवं घेताना सगळे उत्साहात असतात, जुनं कधी बंद करायचं हे विचारणारा एक माणूस पाहिजे.

तर हॉस्पिटल. मी काकांना जाऊन सांगितलं की एका रात्रीत नाही, तीन आठवडे द्या आणि जुना रिपीटर पण आठ दिवस चालू राहू द्या. काकांनी आधी नुसती मान हलवली, मग म्हणाले तूच करणारेस, तूच सांग. मग मी वही घेऊन प्रत्येक मजल्यावर गेलो. रजिस्टरमध्ये ८४ होते आणि निघाले ९१. चार सेट हाऊसकीपिंगनं मधे स्वतःच घेतले होते, दोन जुने लाँड्रीत, एक जनरेटरवाल्याकडे, त्याला तर वाटत होतं हा सेट कायमचा त्याचाच. पहिल्या फेरीत ९० सेटमध्ये दोन्ही चॅनेल भरले. एक राहिला, लिफ्टमन दादांचा, ते गणपतीला चिपळूणला गेलेले आणि सेट लॉकरमध्ये, लॉकरची चावी त्यांच्याबरोबर. सगळे म्हणाले सोड रे, आल्यावर करू. मी वहीत लाल पेननं लिहून ठेवलं आणि बदल केल्यावर सिक्युरिटी डेस्कवर एक बेस सेट जुन्या चॅनेलवर ठेवला, त्याला चिठ्ठी चिकटवली, हा बंद करू नये.

दादा रविवारी रात्री परत आले आणि थेट नाइटला चढले, लॉकर उघडला, सेट घेतला. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. रात्री दोनच्या सुमारास सर्व्हिस लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकली, आत दादा आणि ऑपरेशनहून आणलेला एक पेशंट, एक वॉर्डबॉय. मोबाइलला आत रेंज नाही. दादांनी सवयीनं बटण दाबलं, जुन्या चॅनेलवर. डेस्कवरच्या मुलानं ऐकलं. सोमवारी सकाळी मी गेलो तेव्हा तो चिठ्ठी लावलेला सेट त्यानं पुसून चार्जरवर ठेवला होता, आणि दादा स्वतःचा सेट हातात घेऊन माझी वाट बघत उभे होते. आधी त्यांचा सेट भरून दिला, मग वहीतल्या लाल ओळीवर रेघ मारली.