भोकापासून महाधमनी किती लांब?

मी बायोमेडिकल इंजिनिअर. सीटी स्कॅनवरून हृदयाची थ्रीडी मॉडेल्स प्रिंट करते. ही मुलगी चार वर्षांची, ओठ-नखं निळसर. निदान डीओआरव्ही: महाधमनी आणि फुप्फुसांची धमनी, दोन्ही उजव्या कप्प्यातूनच निघालेल्या. डाव्या कप्प्यातल्या रक्ताला बाहेर पडायला वाट एकच, मधल्या पडद्यातलं भोक. ते महाधमनीजवळ असलं तर आतून पॅच लावून बोगदा करता येतो, दोन्ही कप्पे कामाला लागतात. हिचं भोक लांब होतं. किती लांब, यावर मीटिंगमध्ये एकमत होईना. निम्मे म्हणत होते, फोंटान ऑपरेशनच्या वाटेनं जाऊ, एकाच कप्प्यावर भागवू.

"मला ते हातात दे," सर्जन सर म्हणाले.

शिरेतून दिलेल्या कॉन्ट्रास्ट औषधामुळे स्कॅनमध्ये रक्त उजळतं. मी मार्क करते ते रक्त, भिंत नव्हे. त्याभोवती दोनेक मिलिमीटरचं कवच चढवायचं आणि आतलं रक्त वजा करायचं. म्हणजे मॉडेलची आतली बाजू पेशंटची, भिंतीची जाडी माझी. हे मी दर वेळी बजावून सांगते, कारण हातात आलेली वस्तू माणसाला फार लवकर पटते. शिवाय उजव्या कप्प्याच्या तोंडावरच्या ट्रायकस्पिड झडपेचे दोरे इतके बारीक, की मॉडेलमध्ये उतरतच नाहीत. आणि बोगदा जाणार नेमका त्यांच्या शेजारून.

प्रिंटर रात्रभर चालला. सकाळी प्रिंटिंगपुरते असलेले आधार काढून, धुऊन मऊ रेझिनचं ते हृदय सरांना दिलं. ऑपरेशनमध्ये देतात तिथेच, उजव्या कप्प्याच्या पुढच्या भिंतीवर, त्यांनी चीर दिली. टॉर्च मारला. ग्लोव्हचा तुकडा कापून पॅचसारखा आत बसवून पाहिला, काढला, कडा पुन्हा छाटल्या.

"बोगदा बसतोय. पण हा स्नायूचा उंचवटा काढावा लागेल."

तो उंचवटा स्क्रीनवर सगळ्यांनी पाहिलेला. वाटेत आडवा येईल हे कुणी बोललं नव्हतं.

मग इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, मॅडमना बोलावलं. झडपेचे दोरे कुठे चिकटलेत ते त्यांनी इकोवर पाहत मॉडेलच्या आत पेनानं ठिपके काढून दाखवलं. एक ठिपका ग्लोव्हच्या तुकड्याखालीच आला. सरांनी तेवढी कड वळवून घेतली.

ऑपरेशनमध्ये पॅच शेवटी सरांनी नजरेनंच कापला. बायपास (हार्ट-लंग मशीन) काढल्यावरच्या इकोत बोगद्यात अडथळा नव्हता. लॅब बघायला येणाऱ्यांना आता "मॉडेलमुळे वाचलेली केस" म्हणून ही सांगतात. मला ते तितकंसं पटत नाही. मी मॉडेल ऑपरेशन थिएटरकडे पाठवण्याआधी इकोच्या मॅडमची वेळ घेते आणि पेन सोबत नेते.